१४०० किलोमीटर, दोन खोल्यांचा संसार आणि निम्मं बजेट

बिऱ्हाडकरीण

मंडळी, दीड महिन्यात बिऱ्हाड हलवायचंय. रस्त्याने अंतर १४०० किलोमीटर. बदली नवऱ्याची आहे, पण कंपनी फक्त त्याच्या प्रवासाचा खर्च देणार. सामान आमचं आम्ही बघायचं.

तीन ठिकाणांहून दर मागवले. त्यातला सगळ्यात स्वस्त दरसुद्धा आम्ही बाजूला ठेवलेल्या रकमेच्या दुप्पट निघाला. म्हणजे एक तर निम्मं सामान न्यायचं, नाहीतर निम्म्या वाटेत उतरवून ठेवायचं.

घरात काय आहे: दोन मोठी कपाटं, तीन जणांचा सोफा, डबल बेड, जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या, टीव्हीखालचं युनिट, पुस्तकांचं शेल्फ, फ्रिज, पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन, दोन सायकली, सोळा कुंड्या, एक मांजर. आणि माझ्या आईचं पायानं चालवायचं शिलाई मशीन, ओतीव लोखंडाचं.

नवरा म्हणतो, सगळं विकू आणि दोन बॅगा घेऊन निघू. सासूबाई म्हणतात, मांडलेल्या संसारातला चमचाही टाकायचा नाही. दोघांचंही ऐकून मी रोज रात्री त्या कपाटाकडे बघत बसते. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

कोरडाविनोद

मांजर ठेवा. बाकी यादीवर चर्चा होऊ शकते, नवऱ्यासकट.

रात्रपाळी

ताई, मी नऊ वर्षं मालवाहतुकीच्या बुकिंगला होतो, त्यामुळे काउंटरच्या आतून कसं दिसतं ते सांगतो.

लोक फोन करून ‘दोन खोल्यांचं घर आहे, किती घ्याल?’ असं विचारतात. समोरच्याला घर दिसत नसतं. मग तो स्वतःच्या सुरक्षिततेसाठी दर चढवून सांगतो, किंवा मुद्दाम कमी सांगून नंतर दारात उभा राहून वाढवतो. दोन्हीवर इलाज एकच. मोजपट्टी घ्या आणि प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये लिहून गुणाकार करा. घरसामान सरासरी घनमीटरला ११० किलोच्या आसपास भरतं. त्यामुळे घराचा ट्रक वजनानं क्वचित भरतो, जागेनं आधी भरतो. तुम्ही भाडं देता ते जागेचं. रिकाम्या कपाटाच्या आतली हवासुद्धा १४०० किलोमीटरचं तिकीट काढून जाते.

अख्खी गाडी केलीत तर मात्र अर्धी रिकामी असली तरी भाडं पूर्ण. सामान कमी केल्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा त्यामुळे छोटी गाडी पुरते किंवा तुम्ही पार्ट लोडमध्ये जाता, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर. तिसरा रस्ता परतीच्या गाडीचा. तुमच्या नव्या गावाकडची गाडी इकडे माल टाकून रिकामी परत जाणार असते, तिला वाटेत जे मिळेल ते हवंच असतं. त्यासाठी तारीख मागेपुढे करायची तयारी लागते. महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळा. भाड्याची घरं महिन्याच्या शेवटी बदलतात, म्हणून त्या दिवसांत सगळ्यांनाच गाडी हवी असते. महिन्याच्या मध्यावरचा मंगळवार-बुधवार बघा.

बिऱ्हाडकरीण

रात्रपाळी, तुमच्या सांगण्यावरून काल रात्री दोन तास मोजपट्टी घेऊन फिरले. लेक टोक धरत होता आणि मोठ्यानं आकडे ओरडत होता.

एक कपाट १.२ × ०.६ × २.१ मीटर, म्हणजे दीड घनमीटर. दोन कपाटांचे तीन. सोफा १.६. टेबल-खुर्च्या मिळून १.१. शेल्फ ०.८, टीव्ही युनिट ०.५. या पाच नगांची बेरीज ७. आणि फ्रिज, मशीन, गाद्या, सुटा केलेला बेड, सायकली, भांडी, कपडे, पुस्तकं, सगळे खोके धरून उरलेल्या अख्ख्या घराची बेरीजही ७!

मला वाटत होतं भांडी आणि पुस्तकं खर्च वाढवताहेत. मी तीन दिवस वाट्या-चमचे निवडत बसले होते.

एका कपाटाचं भाडं एकूण भाड्याच्या जवळजवळ ११ टक्के येतं. तेवढ्यात तिकडे जुनं कपाट मिळेल की नाही ते आता शोधते.

सुतारपक्षी

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. पण ताई, कपाट कसलं आहे ते आधी बघा. दाराची कड किंवा मागची बाजू तपासा. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं, म्हणजे पार्टिकल बोर्डाचं असेल तर भावनिक होऊ नका. त्या बोर्डात स्क्रू एकदा बसतो तो घट्ट बसतो. काढून पुन्हा त्याच भोकात लावला की आतला भुसा सुटतो आणि पकड ढिली पडते. न सुटं करता उभंच्या उभं नेलंत तर हादऱ्यांनी सांधे उघडतात. पोचेल, पण दारं एकमेकांकडे पाठ करून उभी राहतील. भरीव लाकडाचं असेल तर गोष्ट वेगळी. ते चार वेळा सुटं करून पाचव्यांदा जोडता येतं.

बेड नक्की सुटा करा. सुटे केलेले भाग एकावर एक सपाट राहतात, जागा नगण्य. नट-बोल्ट एका पिशवीत, आणि ती पिशवी ‘सगळे नट-बोल्ट’ नावाच्या डब्यात टाकायची नाही. ज्या वस्तूचे बोल्ट तिलाच ती पिशवी चिकटटेपनं बांधायची. सुटं करण्याआधी सांध्यांचे फोटो काढा आणि आतल्या बाजूला पेन्सिलीनं अ-अ, ब-ब अशा खुणा करा. फोटोत डावं-उजवं सारखंच दिसतं.

बिऱ्हाडकरीण

पार्टिकल बोर्ड. कड खरवडून बघितली. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

खेपाअकरा

मी निवृत्त माणूस, नोकरीत अकरा बदल्या झाल्या. वरचं गणित बरोबर आहे, पण त्यात एक खाचखळगा आहे आणि मी त्यात स्वतः पडलो आहे.

तिसऱ्या बदलीला आम्ही तुमच्या यजमानांसारखंच केलं. सगळं विकलं. घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही हे पहिलं. दुसरं म्हणजे नव्या जागी पोचल्यावर पहिल्याच महिन्यात सगळं एकदम लागतं. त्याच महिन्यात नव्या घराची अनामत भरलेली असते, जुन्या घराची परत आलेली नसते, पगार नव्या ठिकाणी एखादा आठवडा उशिरा जमा होतो. खिसा सगळ्यात रिकामा असताना खरेदी सगळ्यात मोठी. आम्ही पुढचे पाच महिने उधारी फेडत होतो.

तेव्हापासून माझा हिशोब वेगळा आहे. ‘तिकडे स्वस्त मिळेल का’ एवढंच विचारायचं नाही. ‘पोचल्यावर कितव्या दिवशी लागेल’ हेही विचारायचं. झोपायला, शिजवायला, धुवायला जे लागतं ते पहिल्या दोन दिवसांतलं. ते न्यायचं, जागा खात असलं तरी. सोफा नव्वदाव्या दिवशी आला तरी कुणी मरत नाही. पाहुणे जमिनीवर बसतात आणि लवकर उठतात.

रात्रपाळी

आजोबांना +१. आणि यातच पार्ट लोडचा छुपा खर्च दडलाय, जो मी काउंटरवर बसून कधी सांगितला नाही, आता सांगतो. पार्ट लोडची गाडी भरेपर्यंत सुटत नाही. ‘पाच ते पंधरा दिवस’ असं सांगितलं की गिऱ्हाईक पाच ऐकतं. तुम्ही पंधरा ऐका. तेवढे दिवस कुठे राहणार, कशावर झोपणार, बाहेरचं किती वेळा खाणार, हे भाड्यात मिळवा आणि मग अख्ख्या गाडीच्या दराशी तुलना करा.

बिऱ्हाडकरीण

केली तुलना. बाहेर राहून काढलेला आमचा एक दिवस पार्ट लोडच्या भाड्याच्या साधारण ४ टक्के पडतो. म्हणजे दहा दिवस उशीर झाला तर ४० टक्के गेले आणि स्वस्तपणा संपला. पण नव्या घराचा ताबा आधी घेतला आणि जमिनीवर झोपायची सोय बरोबर नेली, तर तो दिवस १ टक्क्यावर येतो. म्हणून गाद्या ट्रकमध्ये आणि पातळ सतरंज्या आमच्या बॅगेत, असं ठरवतेय.

जुन्या आणि नव्या घराचं भाडं आठवडाभर दोन्हीकडे भरावं लागेल. आधी हे मला उधळपट्टी वाटत होतं. आता वाटतं, हाच सगळ्यात स्वस्त विमा आहे.

नाकासमोर

तिन्ही ठिकाणचे दर लेखी घेतलेत का? माझा अनुभव सांगतो. नाव घेत नाही, कारण प्रकरण मिटलंय. फोनवर सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम दिलं. निम्म्याहून जास्त पैसे आगाऊ दिले. सामान गाडीत चढल्यावर, दोर बांधून झाल्यावर, माणूस म्हणाला, ‘अंदाजापेक्षा जास्त निघालं, एवढे आणखी द्या.’ घर रिकामं, बायको-मुलं स्टेशनवर, माझा संसार त्याच्या गाडीत. काय करणार? दिले.

पुढच्या वेळी तीन गोष्टी केल्या. यादी आणि घनमीटर लिहून पाठवले आणि दर त्या यादीवरच लेखी मागितला, ‘यापेक्षा जास्त नाही’ या शब्दांसह. आगाऊ रक्कम थोडीच दिली, मोठा हिस्सा माल उतरल्यावर. आणि जिने, लिफ्ट, दारापर्यंत गाडी येते का, हे आधीच सांगून टाकलं. दर वाढवायची निमित्तं तिथूनच निघतात. वजनावर दर ठरत असेल तर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची वजनकाट्याची पावती मागा. एक पावती म्हणजे अर्धवट हिशोब.

पुस्तकीकिडा

पुस्तकांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून येतोय. ताई, पुस्तकं कुरिअरनं पाठवायचा विचार करत असाल तर थांबा. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानी वजन यातलं जे जास्त असेल ते धरतात. आकारमानी वजनासाठी बरेच जण सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० ने भागतात. ४५ सेंटिमीटर बाजूंचा चौकोनी खोका घ्या. तो १८ किलोचा धरला जाईल, आत उशा भरून खरं वजन चार किलो असलं तरी. म्हणजे उशा कुरिअरनं पाठवणं हा शुद्ध वेडेपणा. पुस्तकांच्या खोक्याला उलट खरं वजन लागतं, तेही भरपूर.

ट्रकमध्ये जागेचे पैसे असतील तर पुस्तकं ही तुमच्या घरातली सगळ्यात स्वस्तात जाणारी वस्तू. फक्त खोके छोटे घ्या. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरणाऱ्यानं तो एकदा स्वतः उचलून दाखवावा, मग बाकीच्यांना सांगावं. १५ किलोच्या वर एकही जाऊ देऊ नका, किंवा चाकांच्या बॅगा पुस्तकांनी भरा आणि कपडे खोक्यात. सगळे उलट करतात.

कोरडाविनोद

मी उलट केलं होतं. चाकांच्या बॅगेत टॉवेल, खोक्यात ज्ञानकोश. तळ जिन्यातच उघडला. ज्ञान पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलं.

खिळेमोळे

यंत्रांचं मी सांगते, मी दुरुस्तीच्या कामात आहे.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, दार उघडं ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्या. मागे खाली पाण्याचा ट्रे असतो तोही रिकामा करा, नाहीतर ते पाणी तुमच्या गाद्यांवर जाईल. न्यायचा उभाच. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरतं. नाइलाजानं आडवा झालाच तर पोचल्यावर उभा करून, जितके तास आडवा होता निदान तितके तास थांबायचं, लांबचा प्रवास असेल तर अख्खा दिवस, आणि मग चालू करायचा. रिकामा फ्रिज म्हणजे दाराचं कपाट आहे हेही लक्षात ठेवा. टॉवेल-चादरी आत भरा, काचेचे कप्पे काढून वेगळे गुंडाळा.

पुढून दाराच्या वॉशिंग मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर लोंबकळत असतो. नवीन आलं तेव्हा मागे तीन-चार लांब बोल्ट होते, आठवतात? बसवणाऱ्यानं काढून ‘हे जपून ठेवा’ म्हटलेलं असतं. ते घालून ड्रम जखडल्याशिवाय मशीन हलवायचं नाही. नाहीतर १४०० किलोमीटर ड्रम आत आपटत जाईल आणि तिकडे पोचल्यावर पहिल्याच पिळणीला मशीन खोलीभर चालेल. खालच्या फिल्टरमधलं पाणीही काढा.

शिलाई मशीनचं मस्तक लाकडी फळीला बिजागरीनं लागलेलं असतं. पट्टा काढा, बिजागरीचे दोन स्क्रू सैल करा, मस्तक वर उचललं की निघतं. ते वेगळ्या छोट्या खोक्यात, खाली जुन्या चादरी. एकत्र उचलू नका. वजन वरती असल्यामुळे ते पहिल्यांदा कलंडतं आणि नेमकं चाक फुटतं.

बिऱ्हाडकरीण

खिळेमोळेताई, बोल्ट! पोटमाळ्यावर नाहीत, हत्यारांच्या डब्यात नाहीत. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘कसले बोल्ट?’

खिळेमोळे

मॉडेल नंबर दाराच्या आतल्या कडेवर असतो. तो सांगून सुटे भाग विकणाऱ्यांकडे मागा, मिळतात. मशीन बदलण्यापेक्षा नक्कीच स्वस्त.

नाकासमोर

विम्याचं बघितलंत का? सगळं स्वतः बांधणार असाल तर हे वाचा. मालकानं स्वतः बांधलेल्या खोक्यातल्या काचसामानाची फूट बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत. आख्खा खोका हरवला, गाडी जळाली, तर धरतात. ‘आम्ही बांधलेलं फुटलं तर भरपाई’ हे त्यांच्याकडून बांधून घेतलं तरच. आणि हप्ता कमी यावा म्हणून सामानाची किंमत निम्मी लिहू नका. निम्मी लिहिली तर नुकसानही निम्मंच मिळतं, अगदी एकच वस्तू गेली असली तरी.

सुतारपक्षी

म्हणजे पैसे वाचवायला स्वतः बांधा, आणि मग पैसे वाचवायला विमा घेऊच नका? काहीतरीच. मी तर म्हणतो काच आणि टीव्ही त्यांच्याकडून बांधून घ्या, बाकी स्वतः. तेवढ्याचा वेगळा दर मिळतो, मागावा लागतो.

खेपाअकरा

सुतारपक्षींशी सहमत, आणि ताटं आडवी रचू नका हे सांगायचं राहिलं. ताट, बशी, आरसा, टीव्ही, सगळं उभं. आडव्या थप्पीत खालच्या ताटावर वरच्या सगळ्यांचा भार येतो आणि प्रत्येक खड्ड्याला तो आपटतो. खोक्याचा तळ कपड्यांनी भरायचा, वरही भरायचं, बंद करून हलवला तर आवाज यायला नको. आवाज आला तर उघडा, आळस करू नका. आरशावर चिकटटेपची फुली मारल्यानं तो फुटायचा थांबत नाही, फुटला तर तुकडे जागेवर राहतात इतकंच.

खोके रचताना कोपऱ्यावर कोपरा यायला हवा. पुठ्ठ्याची ताकद कोपऱ्यांत असते, मध्ये नसते. विटांसारखं आडवंतिडवं रचलं की खालचा बसतो. ओलसर जागी ठेवलेला पुठ्ठा तर लोण्यासारखा होतो.

आमच्या सौभाग्यवतींचा एक नियम होता: कुठल्याही खोक्यावर ‘इतर’ लिहायचं नाही. अकरा बदल्यांत हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि नेमका त्याच खोक्यात माझा चष्मा होता.

मनीमाऊ

मांजरासाठी: हमाल यायच्या आधी तिला बाथरूममध्ये तिच्या शी-शूच्या डब्यासकट बंद करा आणि दारावर मोठा कागद लावा. दारं उघडी, परके लोक, धडधड आवाज, अशा वेळी मांजर पळालं तर तुमची गाडी थांबणार नाही. प्रवासाची पेटी आजच बाहेर काढा, उघडी ठेवा, तिला त्यात झोपू द्या. निघायच्या दिवशी पहिल्यांदा दाखवाल तर ओरबाडे तुमच्या हातावर दिसतील. नव्या घरी पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, जुनी न धुतलेली चादर तिच्याजवळ.

कुंड्या विसरा. ओली माती म्हणजे पाणी, आणि पाण्याचं वजन कुणाला चुकलं नाही. फांद्या कापून ओल्या कागदात गुंडाळून न्या. दुसऱ्या राज्यात किंवा देशात जात असाल तर मातीसह झाडं न्यायला मनाई असू शकते, तेही बघा.

सायकलचं डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, हे अवांतर. ते सोडवायला नेहमीच्या दिशेनं जोर लावत बसलेला माणूस मी लग्नात पदरात पाडून घेतलाय.

रात्रपाळी

आणि कागदपत्रं, दागिने, औषधं, हार्ड डिस्क, किल्ल्या: ट्रकमध्ये नाही. तुमच्या अंगावर. इन्शुलिन असेल तर मुळीच नाही, बंद गाडीत भट्टी होते. पॉवर बँक विमानानं जात असाल तर सोबतच्या बॅगेत. २०००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते, १०० पर्यंत सहसा परवानगी न घेता चालते. चेक-इनच्या सामानात टाकून चालत नाही. गॅसची टाकी, रंग, थिनर, काहीही ज्वालाग्राही गाडीत लपवून चढवू नका. माझ्या देखत एका गाडीत गळती सापडली होती. त्या रात्री काउंटरवर कुणी झोपलं नाही.

बिऱ्हाडकरीण

पोचलो! आज एकविसावा दिवस. सगळ्यांना दंडवत, आणि आता हिशोब.

शेवटी १४ घनमीटरवरून ६.५ वर आलो. दोन्ही कपाटं, सोफा, टीव्ही युनिट, शेल्फ गेलं. कपाटं विकली गेलीच नाहीत, शेवटच्या दोन दिवसांत शेजारच्या मुलाला फुकट दिली, आणि त्यानं ती स्वतः उतरवून नेली हाच नफा. सोफ्याला बरा भाव आला कारण जाहिरात चार आठवडे आधी टाकली होती. टेबलावरून घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी बेड सुटा करायचं सुतारपक्षींचं वाचून टेबलाचेही पाय सुटे निघतात का ते करून बघितलं, निघाले, आणि टेबल गेलं. म्हणजे आलं. खुर्च्या दिल्या.

सासूबाईंना मी कपाटाचं भाडं आकड्यात दाखवलं. त्या आकड्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘त्यात माझे स्टीलचे डबे किती जातील?’ तेव्हापासून मोजपट्टी त्यांच्याच हातात होती. नवऱ्याच्या व्यायामाच्या वजनांचा निकालही त्यांनीच लावला.

परतीची गाडी मिळाली, रात्रपाळींनी सांगितल्याप्रमाणे महिन्याच्या मध्यावर बुधवारी. आमच्या मूळ बजेटपेक्षा १० टक्के वर गेलं, पण पहिल्या दरापेक्षा ते कितीतरी खाली आहे. दर यादीवर लेखी होता. हमालांच्या मुकादमानं जिन्यावरून कुरकुर सुरू केली, मी यादीतली ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही’ ही ओळ दाखवली, विषय संपला. नाकासमोर, तुमचे वेगळे आभार.

सातव्या दिवशी सामान आलं. सहा रात्री सतरंजीवर. मुलाला वाटलं सहल आहे. माझ्या कंबरेला तसं वाटलं नाही.

फुटलं काय? दोन कप आणि एक बशी, तिन्ही मीच बांधलेल्या आणि हलवून न बघितलेल्या खोक्यात. मशीनचे बोल्ट मागवले होते, घातले, ड्रम ठीक आहे. खरे बोल्ट इथे पोचल्यावर सापडले, टीव्हीच्या मूळ खोक्यात. फ्रिज उभाच आला तरी अख्खा दिवस वाट बघितली, शेजारणीनं जेवण दिलं म्हणून निभावलं.

आईचं मशीन सगळ्यात आधी जोडलं. पडदे शिवायचे आहेत, खिडक्या इथे रुंद आहेत. पट्टा जरा सैल झालाय, दोन टाके सुटतात.

खिळेमोळे

पट्ट्याचं एक टोक क्लिपमधून काढून अर्धा सेंटिमीटर कापा आणि पुन्हा लावा. जास्त कापू नका, घट्ट झाला तर पाय भरून येतील.

कोरडाविनोद

आणि मांजर?

बिऱ्हाडकरीण

पहिल्या दिवशी ओट्याखाली. दुसऱ्या दिवशी ओट्याखाली. तिसऱ्या दिवशी रात्री माझ्या छातीवर येऊन बसली आणि तेव्हापासून घर तिचं आहे.

एक खोका अजून उघडलेला नाही. त्यावर माझ्याच अक्षरात ‘इतर’ लिहिलंय. चिकटटेप कापायची सुरी तीन दिवस शोधतेय, मला वाटतं ती त्यातच आहे.

खेपाअकरा

ताई, दातांनी उघडू नका. किल्लीच्या दातऱ्यानं टेप फाटते.